गोव्याच्या नकाशातून डिझाइन: ऑनलाइन मॅप आणि वेबवरचा डेटा वापरायला सुरुवात कशी करायची

जत्रेचं निमंत्रण, शिगम्याचं बॅनर, होमस्टेचं माहितीपत्रक, क्लबच्या टुर्नामेंटचं पोस्टर, असली कामं करणारी मुलंमुली आता गोव्यात गावागावांत आहेत, फोनवर कॅनव्हा सगळ्यांनाच येतं, पण डिझाइनमध्ये नकाशा टाकायची वेळ आली की बहुतेक जण गूगल मॅपचा स्क्रीनशॉट काढतात आणि कोपऱ्यात चिकटवून मोकळे होतात. मग छापून आल्यावर अक्षरं धूसर, रंग दुसऱ्याचेच, आणि ज्या देवळासाठी नकाशा टाकला ते देऊळ राहतं बाजूला, वर दिसतात चार हॉटेलांची नावं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. कोडिंग यायला पाहिजे असं काही नाही.

मुळात एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं जातं. ऑनलाइन नकाशा हे तयार चित्र वाटतं पण त्याच्या खाली डेटा असतो, रस्त्यांची वेगळी यादी, नद्यांची वेगळी, देवळं-चॅपेलं वेगळी, आणि त्यातली आपल्याला हवी ती एकच यादी उचलून बाकी सगळं फेकून देता येतं. माझ्या मते चांगलं नकाशा-डिझाइन इथेच होतं, फेकून देण्यात. एका पोस्टरला एक विषय. पाणी तर पाणीच, डोंगर तर डोंगरच. रस्ते, नद्या, बीच, किल्ले सगळं एकत्र घातलंत की पुन्हा गूगल मॅपच तयार होणार, फक्त जरा वाईट.

लागणारं सामान

लॅपटॉप हवा, फोनवर हे जमत नाही. सॉफ्टवेअर दोन, दोन्ही फुकट: नकाशाच्या डेटासाठी क्यूजीआयएस आणि चित्र सजवायला इंकस्केप. इलस्ट्रेटर येत असेल तर इंकस्केपच्या जागी तेच वापरा. बाकी साइट्स ब्राउझरमध्येच चालतात. डेटा मुख्यतः ओपनस्ट्रीटमॅपचा घ्यायचा, २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला प्रकल्प, लोकांनी मिळून भरलेला जगाचा नकाशा, आणि त्याचा डेटा कुणीही उतरवून घेऊन वापरू शकतो, विकायच्या कामातसुद्धा, फक्त श्रेय द्यावं लागतं.

पहिलं काम: फेरीबोटींचं पोस्टर

सुरुवातीला हेच करा असं मी सांगते कारण डेटा थोडा, विषय आपला, आणि रिझल्ट पहिल्याच दिवशी दिसतो. रायबंदर-चोडण, जुने गोवे-दिवाडी, सांपेद्र-दिवाडी, नार्वे-दिवाडी, कुठ्ठाळी-मडकई, बेती-पणजी, केरी-तेरेखोल, हे सगळे मार्ग म्हणजे पाण्यावरच्या लहान लहान रेघा. भोवती फक्त पाणी ठेवायचं, रस्ता एकही नाही.

ब्राउझरमध्ये ओव्हरपास टर्बो नावाची साइट उघडा, ओपनस्ट्रीटमॅपमधून हवी ती यादी तीच काढून देते. डावीकडे कोड दिसेल, घाबरू नका, त्याला हात लावायचा नाही. वर विझार्ड नावाचं बटण आहे, त्यात इंग्रजी लहान अक्षरांत रूट, मग बरोबरचं चिन्ह, मग फेरी, पुढे इन, आणि अवतरण चिन्हांत गोवा, स्वल्पविराम, इंडिया असं टाईप करा. इंडिया लिहिलेलं बरं कारण फिलिपिन्समध्येही गोवा नावाचं गाव आहे. मग बिल्ड अँड रन दाबलं की थोड्या वेळात नकाशावर फेरींच्या रेघा उमटतात. एक्सपोर्टमध्ये जाऊन जिओजेसन फाइल (नकाशाच्या डेटाची फाइल) डाउनलोड करा. आता हेच पुन्हा पाण्यासाठी: नॅचरल बरोबर वॉटर ही एक फाइल, वॉटरवे बरोबर रिव्हर ही दुसरी, आणि किनाऱ्यासाठी नॅचरल बरोबर कोस्टलाइन ही तिसरी. मांडवी-झुआरीसारख्या रुंद नद्या पहिल्या फाइलमध्ये भरीव आकार म्हणून येतात, दुसऱ्या फाइलमध्ये नदीच्या मधून जाणारी नुसती रेघ असते, म्हणून दोन्ही घ्यायच्या. तेरेखोल सीमेवरून वाहते त्यामुळे तिच्याबरोबर पलीकडच्या सिंधुदुर्गातलाही थोडा भाग येईल, तो नंतर कापा किंवा ठेवा, मला तर ठेवलेला आवडतो.

किनाऱ्यापाशी नवीन माणूस हमखास अडकतो. कोस्टलाइन ही फक्त रेघ असते, समुद्राचा भरीव आकार नसतो, म्हणून रंग भरायला गेलं की तिरकाच काहीतरी त्रिकोण रंगतो. उपाय साधा आहे, इंकस्केपमध्ये किनाऱ्याच्या रेघेचे सगळे तुकडे जोडून घ्या, मग तिची दोन टोकं पश्चिमेकडून पानाच्या कडेने फिरवून एकमेकांना जोडा, बंद आकार झाला की तोच तुमचा अरबी समुद्र.

आता चारही फाइल्स क्यूजीआयएसमध्ये ओढून सोडा. खाली उजव्या कोपऱ्यात प्रोजेक्शनचा (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या पद्धतीचा) नंबर दिसतो, तिथे ईपीएसजी ३२६४३ निवडा, गोवा ज्या पट्ट्यात येतो त्याच्यासाठीचं हे मोजमाप आहे आणि ते मीटरमध्ये चालतं. हे केलं नाही तर नकाशा पूर्व-पश्चिम तीन-साडेतीन टक्के ताणलेला दिसतो, गोवा विषुववृत्ताच्या बराच जवळ असल्यामुळे फरक डोळ्यांना पटकन कळत नाही, पण पोस्टरवर गावचा माणूस आपल्या बेटाचा आकार बघून काहीतरी चुकलंय म्हणतो ते यामुळे. मग प्रिंट लेआउट उघडायचा, पानाचा आकार ए३, आणि एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी धूसर न होणारं रेघांचं चित्र) म्हणून एक्सपोर्ट.

इथे जरा हिशोब करूया कारण हाच हिशोब पुढे प्रत्येक कामात लागतो. गोवा उत्तर-दक्षिण साधारण १०५ किलोमीटर. ए३ कागदाची उंची ४२ सेंटिमीटर, वरखाली समास सोडून ३८ धरा. म्हणजे १ सेंटिमीटरात साधारण पावणेतीन किलोमीटर बसले. आता तुम्ही अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ काढलीत तर ती जमिनीवर जवळजवळ १४० मीटर रुंद झाली! म्हणून अख्ख्या गोव्याच्या पोस्टरवर गावातले रस्ते घालू नका म्हणते, सगळे एकमेकांवर चढून काळा डाग होतो. आणि म्हणूनच फेरीच्या काही रेघाही एवढ्याशा दिसतात की त्या खऱ्या मापात ठेवून चालत नाही, जाडी वाढवा, दोन टोकांना ठिपके द्या, लांबी मात्र तशीच राहू द्या. किंवा मग अख्खा गोवा सोडा आणि फक्त तिसवाडी-दिवाडी-चोडणचा भाग मोठा करून घ्या.

हा दुसरा पर्याय मला जास्त पसंत आहे, कारण रस्ते काढून टाकले की एक गोष्ट अशी दिसते जी रोज पुलावरून जाताना कधी दिसत नाही: तिसवाडी हे बेट आहे. वर मांडवी, खाली झुआरी, आणि पूर्वेला दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. पणजीत आयुष्य काढलेल्या माणसालाही हे चित्रात बघून वेगळं वाटतं. आणि त्यासाठी तुम्ही काही नवीन काढलेलंच नसतं, फक्त पुसलेलं असतं.

रेघा फार दातेरी आणि फाइल जड झाली तर मॅपशेपर नावाची साइट आहे, त्यात जिओजेसन टाका आणि सिम्प्लिफायचा स्लायडर सरकवा. खाजन शेतांच्या (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या शेतांच्या) बांधांची वळणं, खाड्यांचे फाटे हेच आपल्या नद्यांचं सौंदर्य आहे, ते जाईपर्यंत सरकवू नका.

आणि एखाद्या शहराचे नुसते रस्तेच हवे असतील तर एवढं सगळं करायची गरज नाही, सिटी रोड्स नावाची साइट आहे, त्यात पणजी किंवा मडगाव टाईप केलं की सगळे रस्ते काळ्या रेघांत समोर येतात आणि एसव्हीजीही मिळते. रंग बदला, नाव घाला, टी-शर्ट तयार.

निमंत्रणाचा नकाशा: इथे खोटं माप चालतं

लग्न, मुंज, जत्रा, वास्तुशांत, सगळ्या निमंत्रणांवर नकाशा असतो आणि त्यातले बरेच नकाशे बघून माणूस पोचत नाही. कारण त्यात सगळे रस्ते असतात. लंडनच्या भुयारी रेल्वेचा जो प्रसिद्ध नकाशा आहे तो हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने १९३१ मध्ये काढला आणि १९३३ मध्ये तो लोकांच्या हातात पडला, त्याने खरी अंतरं सोडून दिली आणि सगळ्या रेघा उभ्या, आडव्या किंवा ४५ अंशात केल्या. प्रवाशाला कुठे चढायचं, कुठे बदलायचं, कुठे उतरायचं एवढंच पाहिजे असतं हे त्याला कळलं होतं.

तेच आपण करायचं. समजा कार्यक्रम म्हार्दोळला आहे. पणजीहून फोंड्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ७४८, तो एका तिरक्या रेघेत. वाटेत मंगेशीचा फाटा, मग म्हार्दोळ, पुढे फोंडा. एवढंच. शेवटचं वळण मात्र मोठं करून दाखवा, तिथे नेमकं काय दिसतं ते लिहा, तळी, वड, दुकान, बसस्टॉप, जे काही असेल ते. पायरी अशी: खरा नकाशा खालच्या लेयरवर ठेवा, फिका करा, वर नव्या लेयरवर फक्त लागतील तेवढ्या रेघा सरळ करून काढा, आणि शेवटी खालचा लेयर डिलीट. खालचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचाच घ्या, गूगलवरून गिरवू नका, कारण पुढे येईलच.

सोबत क्यूआर कोड द्यायचा असेल तर यूमॅप वापरा. फुकट आहे, त्यात आपला मार्ग, पालखी थांबायची ठिकाणं, पार्किंग, पाण्याची सोय असे वेगवेगळे लेयर करता येतात आणि लिंक मिळते. जत्रेचा मार्ग टाकायच्या आधी देवस्थान समितीतल्या माणसाला स्क्रीनवर दाखवून घ्या, मार्ग आणि थांबे परंपरेने ठरलेले असतात आणि ते वेबवर कुठे लिहिलेले नसतात.

डोंगर

२००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या स्पेस शटलने रडारने जगाच्या बऱ्याच भागाची उंची मोजली, तो एसआरटीएम डेटा आज फुकट मिळतो, दर ३० मीटरला एक उंची असा. क्यूजीआयएसमध्ये उघडून रास्टरच्या मेनूतून कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा, काढायचे. दोन रेघांतलं मध्यंतर २० मीटर ठेवलंत तर सत्तरी आणि सांगेच्या बाजूला रेघांचा नुसता काळोख होतो आणि किनाऱ्याकडे कागद कोराच राहतो, अख्ख्या गोव्यासाठी ५० मीटर बरं पडतं. एकाखाली एक लहरींसारख्या रेघा हव्या असतील तर पीक मॅप नावाची साइट तेच काम ब्राउझरात करून देते. लहान गावाच्या सड्याचं पोस्टर मात्र या डेटातून करू नका, ३० मीटरच्या जाळीत छोटा सडा नीट उमटत नाही.

उपग्रहाचे फोटो

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे फोटो कोपर्निकस ब्राउझरवर नाव नोंदवून फुकट मिळतात. जून ते सप्टेंबर सोडून द्या, तेव्हा गोव्यावर ढगच असतात, डिसेंबर ते फेब्रुवारीतले फोटो स्वच्छ येतात. एक पिक्सेल म्हणजे १० मीटर. आता पुन्हा तोच हिशोब: ए४ कागद ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) रुंदीत २४८० पिक्सेल, म्हणजे साधारण २५ किलोमीटर. एवढा प्रदेश पानावर घेतलात तर फोटो कुरकुरीत दिसेल, आणि एकट्या दिवाडी बेटाला पानभर ताणलंत तर चौकोन चौकोन दिसायला लागतील. लहान जागेसाठी रेघांचा नकाशा, मोठ्या जागेसाठी फोटो, असं लक्षात ठेवा.

फॉल्स कलर नावाचा पर्याय दाबला की झाडी लालभडक आणि पाणी काळसर दिसतं, खाजन शेतं आणि मिठागरं वेगळी उठून येतात. टेक्स्चर म्हणून हे फार सुंदर पडतं, वहीचं कव्हर, उशीचा अभ्रा, काहीही. अजून एक खेळ करून बघा. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाच्या फोटोंमध्ये रोमन अक्षरांसारखे दिसणारे आकार शोधून लोकांचं नाव लिहून देणारी एक साइट नासाच्या लोकांनीच केलीय, आपल्याकडे देवनागरीत तसं कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही, आणि आपल्या नद्यांच्या वळणांत, खाड्यांत, बांधांत गाठी-वेलांट्यांना तोटा नाही. एखाद्या अक्षरमालेचा विषय शोधत असाल तर हा घ्या.

पाऊस: नकाशा नसलेला डेटा

डेटा म्हटलं की नकाशाच पाहिजे असं नाही. आणि गोव्यात पावसाइतका सगळ्यांचा विषय दुसरा कुठला आहे? पणजीत वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चतुर्थीच्या आगेमागे संपणारा. त्याचं कॅलेंडर-पोस्टर करूया, यासाठी एक्सेल किंवा गूगल शीट येत असलं की झालं.

ओपन-मेटिओ या साइटवर जुन्या हवामानाचा विभाग आहे, १९४० पासूनचा डेटा मिळतो. तिथे अक्षांश १५.४९, रेखांश ७३.८३ भरा म्हणजे पणजी आलं. वर्ष निवडा, रोजचा एकूण पाऊस हा एकच रकाना टिक करा, आणि टाईमझोन एशिया-कोलकाता करायला विसरू नका, नाहीतर दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो आणि रात्रीचा पाऊस भलत्याच तारखेला जातो. सीएसव्ही (शीटमध्ये उघडणारी फाइल) उतरवा. आता शीटमध्ये १२ ओळी, महिन्याला एक, आणि ३१ रकाने. सगळे चौकोन सारख्या मापाचे करा. प्रत्येक चौकोनात त्या दिवसाचा पाऊस, आणि कंडिशनल फॉरमॅटिंगने रंग.

रंगाचं मात्र नीट ऐका. शीटला आपणहून रंग द्यायला सांगितलं तर ती सगळ्यात मोठ्या आकड्याला गडद करते आणि बाकी सगळं त्या मानाने, म्हणजे एखाद्या दिवशी ढगफुटीसारखा पाऊस पडला की उरलेला अख्खा जुलै फिकट दिसतो. जुलै फिकट! म्हणून पट्ट्या आपण ठरवायच्या, आणि त्या हवामान खात्याच्या आधीच ठरलेल्या आहेत त्याच घ्याव्यात. चोवीस तासांत २.४ मिलिमीटरपर्यंत अगदी हलका, २.५ ते १५.५ हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार, त्याच्या वर अत्यंत मुसळधार. कोरडा दिवस धरून सात रंग झाले. कोरड्या दिवसाला कागदाचाच रंग ठेवा. जानेवारी ते मे जवळजवळ मोकळे, मेच्या शेवटी एखाद-दोन चौकोन, आणि मग जूनपासून एकदम भिंतच. आकडा अक्षराच्या रंगाने लपवा, पीडीएफ काढा, इंकस्केपमध्ये उघडा, पुढची सजावट तुमची.

ज्या वर्षी मूल जन्मलं, घर बांधलं, लग्न झालं त्या वर्षाचा पाऊस भिंतीवर लावायला लोकांना आवडतो, द्यायला छान भेट आहे. मात्र पोस्टरखाली बारीक अक्षरांत लिहा की हा डेटा हवामानाच्या मॉडेलमधून पुन्हा मांडलेला आहे, पर्जन्यमापकाचा नाही. खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे त्यांचा आकडा आणि हा आकडा एका तारखेला जुळणार नाही. कुणी जुनं वर्तमानपत्र घेऊन आलं तर उत्तर तयार पाहिजे. आणि ओपन-मेटिओची फुकट सेवा बिनव्यापारी कामासाठी आहे, विकायचं असेल तर त्यांच्या अटी वाचा, श्रेय तर दोन्हीकडे द्यायचंच.

रेडिंग विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये तापमानाच्या निळ्या-लाल पट्ट्या केल्या, दर वर्षाला एक पट्टी, आकडा एकही नाही, अक्षर एकही नाही, आणि त्या जगभर टाय, मफलर, भिंतींवर गेल्या. एकच गोष्ट ठेवायची म्हणजे काय हे बघायचं असेल तर ते बघा.

डेटात जे नाही ते

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये शॉप बरोबर बेकरी शोधलंत की काही ठिपके येतात. त्यावरून 'गोव्यातल्या बेकऱ्या' असं पोस्टर करू नका. गावातल्या पोदेराची भट्टी बऱ्याचदा घराच्या मागे असते, पाटी नसते, पाव सायकलवरून दारात येतो, तो ठिपका कुणी टाकलेलाच नसतो. नकाशात एखाद्या भागात ठिपके जास्त दिसले तर कदाचित तिथे नकाशा भरणारे लोक जास्त असतील, एवढाच त्याचा अर्थ. किनारपट्टी भरगच्च आणि आतले तालुके विरळ असं चित्र दिसलं तर आधी हाच संशय घ्यायचा.

यावर उपाय आपल्याच हातात आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढा, एडिट दाबा, आणि आपल्या गावची तळी, मानस (खाजनाच्या बांधातलं पाण्याचं दार), घुमटी, पायवाट, वाचनालय टाका. अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे, ते चालता चालता प्रश्न विचारतं, रस्ता डांबरी का, दिवा आहे का, आणि तुमचं उत्तर थेट नकाशात जातं. मला हे डिझाइनच्या कामाचाच भाग वाटतं. पोस्टरसाठी गावात फिरणार आहातच, मग जे दिसलं ते सगळ्यांसाठी भरून ठेवा, पुढचा कुणी पेडण्याचा नाहीतर काणकोणचा मुलगा नकाशा करायला बसेल तेव्हा त्याला कोरा कागद मिळणार नाही.

लोकांच्या घरांचे ठिपके मात्र टाकू नका. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या धावण्याच्या ॲपच्या नकाशात सैनिकी तळांवरच्या लोकांच्या धावण्याच्या वाटा उघड दिसत होत्या, हे जगभर गाजलं. नाव नसलं तरी रोजची वाट माणूस ओळखू येण्याइतकी असते. तुमच्या मित्रांच्या सकाळच्या फेऱ्यांचं चित्र करायचं असेल तर प्रत्येक वाटेचा सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा कापून टाका.

नावं आणि अक्षरं

डेटात गावांची नावं बहुतेक रोमनमध्ये असतात, देवनागरीचा रकाना बऱ्याच ठिकाणी रिकामा. मशीनने लिप्यंतर करू नका, साखळी, केपे, कुंकळ्ळी, सासष्टी यांची जी काय दशा होते ती बघवत नाही. नावं हाताने टाईप करा, बारा तालुके आणि वीस-तीस गावं, एका संध्याकाळचं काम आहे. फाँट म्हणून मुक्त किंवा बालू फुकट मिळतात आणि लहान आकारातही वाचता येतात, आणि ल, श मराठी वळणाचे हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी घ्या. नदीचं नाव नदीच्या वळणावरून फिरवायचा मोह होतो, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि जोडाक्षरं विचित्र दिसतात, फार हलकं वळण असेल तरच करा नाहीतर सरळ लिहा.

श्रेय आणि कायदा

ओपनस्ट्रीटमॅप वापरलात तर '© ओपनस्ट्रीटमॅप काँट्रिब्युटर्स' हे वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहायचं, छपाईत त्यांचा वेबपत्ताही द्या. पोस्टर विकता येतं. गूगल मॅप आणि गूगल अर्थचा नकाशा मात्र टी-शर्ट, मग, पोस्टर अशा विकायच्या वस्तूंवर छापायला त्यांच्या अटींप्रमाणे परवानगी नाही, आणि त्यावरून गिरवून नवा नकाशा करायलाही नाही. रील किंवा व्हिडिओसाठी गूगल अर्थ स्टुडिओ वापरता येतं, त्यातली श्रेयाची ओळ कापायची नाही.

दुसरं, कोपऱ्यात भारताचा छोटा नकाशा टाकून गोवा दाखवायची सवय आहे. ती बाह्यरेषा वेबवर कुठूनही उचलू नका, ओपनस्ट्रीटमॅपमधूनही नको, परदेशी साइट्सवर सीमा वेगळी दाखवलेली असते आणि देशाची सीमा चुकीची छापणं आपल्याकडे गुन्हा ठरतो. सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा घ्या, त्यांच्या साइटवर मिळतो.

प्रेसला देण्याआधी

इंकस्केपमध्ये सगळी अक्षरं सिलेक्ट करून ऑब्जेक्ट टू पाथ करा, नाहीतर प्रेसच्या मशीनवर तो फाँट नसतो आणि जोडाक्षरं सुटी होऊन छापतात. मूळ फाइल वेगळी ठेवा, पाथ केलेलं नाव पुन्हा टाईप करून दुरुस्त करता येत नाही. स्क्रीनवरचा झगझगीत निळा-हिरवा कागदावर मंद होतो, म्हणून ए३ ची पूर्ण प्रत काढायच्या आधी नकाशाचा सगळ्यात गर्दीचा तुकडा, आपल्या पोस्टरमध्ये म्हणजे मांडवीच्या मुखापासून दिवाडीपर्यंतचा, खऱ्या मापात ए४ वर छापून घ्या आणि भिंतीला लावून चार पावलं मागे जाऊन बघा. चोडणच्या फेरीची रेघ तिथून दिसली तर फाइल पाठवा, नाही दिसली तर जाडी वाढवा.